पंचवीस वर्षांचा भाव

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा.)

पत्रकार म्हटलं की लोकांना वाटतं, याला सगळं दोन दिवस आधी कळतं. निवडणुकीत कोण येणार, पाऊस कधी येणार, हायवेचं काम कधी संपणार. (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ब्रह्मदेवालाही येत नाही, ते सोडा.) हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. वीज, पेट्रोल, सीएनजी पुढे कुठवर जाणार? कुणाला छपरावर सोलर बसवायचंय, कुणाला पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायचीय, कुणाला रिक्षा बदलायचीय. प्रत्येकाला पुढच्या दहा-वीस वर्षांचा भाव हवा आहे, आणि तो माझ्याकडे असेल असं त्यांना का वाटतं, कोण जाणे.

ही पोस्ट लिहायचं कारण मात्र घरगुती नाही. आपल्याकडच्या एका जुन्या शिक्षण संस्थेपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. बाहेरची एक कंपनी शाळेच्या छपरावर स्वखर्चाने सोलर बसवणार, त्यातून होणारी वीज संस्थेने २५ वर्षं तिच्याकडून विकत घ्यायची. पहिल्या वर्षी युनिटला ५ रुपये, पुढे दरवर्षी ५ टक्के वाढ. सोबत चकचकीत पुस्तिका. तिच्या सहाव्या पानावर एक आलेख आहे, त्यात महावितरणचा दर डोंगरासारखा वर चढतोय आणि कंपनीचा दर खालून हळूहळू येतोय. मधली जागा हिरवी रंगवली आहे. ती म्हणजे संस्थेची बचत. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: महावितरणचा दर दरवर्षी ८ टक्के वाढेल असे गृहीत धरले आहे.

ही एक ओळ मी तीनदा वाचली. कारण आपण ज्या भागात राहतो, तिथे अशा ओळीची किंमत काय असते हे आपल्याइतकं महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं. आपल्या शेजारच्या गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या सड्यावर, ती ओळ लोखंड आणि काँक्रीटमध्ये उभी आहे.

आजच्या कॉलेजातल्या पोरांना एन्रॉन म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. जून १९९२ मध्ये या अमेरिकन कंपनीची माणसं महाराष्ट्रात आली आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला, वीस वर्षांचा. पुढे १९९५ ला सरकार बदललं, प्रकल्प समुद्रात बुडवायची भाषा झाली, ऑगस्टमध्ये रद्द केल्याची घोषणाही झाली, आणि काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी होऊन तो आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. नव्या हिशेबात युनिट दोन रुपयांच्या आत पडेल असं सांगितलं गेलं. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या घरात एन्रॉनवर दोन तट होते. आते म्हणायची, पोरांना नोकऱ्या लागतील. वडील म्हणायचे, एवढी महाग वीज घेणार कोण? वडिलांचं शिक्षण जुनी सातवी. आंदोलन, लाठ्या, वेलदूरच्या बायकांना झालेली अटक, यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं. आज विषय फक्त भावाचा.

तर हा दोन रुपयांच्या आतला दर आला कुठून? तो गणितातून आला होता, आणि गणितात तीन गोष्टी धरलेल्या होत्या. एक, महाराष्ट्राला एवढ्या विजेची गरज लागेल आणि प्रकल्प जवळपास पूर्ण क्षमतेने चालेल. दोन, इंधन परवडेल अशा भावात राहील. तीन, रुपया डॉलरच्या तुलनेत फार घसरणार नाही. तिन्हींचे अंदाज वीस-वीस वर्षांचे. तिन्ही दोन वर्षांत कोसळले.

पहिल्या टप्प्यात नाफ्था जाळायचे. नाफ्थ्याचा भाव कच्च्या तेलामागे चालतो. आता योगायोग बघा. १९९८ च्या अखेरीला कच्चं तेल पिंपाला १० डॉलरच्या आसपास आलं होतं. मार्च १९९९ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'सारख्या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर तेलाचा महापूर दाखवला आणि भाव ५ डॉलरपर्यंतही जाऊ शकतो असं लिहिलं. दोन महिन्यांनी दाभोळचा प्रकल्प सुरू झाला. वर्षअखेरीला तेल २५ डॉलरवर होतं आणि २००० च्या सप्टेंबरात ३५ च्याही वर गेलं. करार झाला तेव्हा एकतीस-बत्तीस रुपयांना मिळणारा डॉलर २००१ मध्ये सत्तेचाळीसच्या घरात होता. मागणीही धरल्याएवढी वाढली नाही. जागतिक बँकेने एप्रिल १९९३ मध्येच, म्हणजे करारावर सही होण्याच्या आठ महिने आधी, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही आणि राज्याला आहे त्यापेक्षा स्वस्त वीज बाजूला सारून ही महाग वीज घ्यावी लागेल, असं कळवलं होतं. पुण्याच्या 'प्रयास'च्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडेवारीनिशी मांडलं. आमच्या वडिलांनी आकडेवारीशिवाय.

पण माझ्या मते अंदाज चुकले हा दाभोळचा खरा घोटाळा नव्हताच. अंदाज सगळ्यांचेच चुकतात. करारात लिहिलेलं असं होतं की चुकलेल्या प्रत्येक अंदाजाचं बिल एकाच पत्त्यावर जाईल. इंधन महागलं, तर वाढ मंडळाने भरायची. डॉलर महागला, मंडळाने भरायची. वीज घेतली नाही, तरी क्षमतेचा स्थिर आकार मंडळानेच भरायचा. महिन्याच्या खानावळीसारखं आहे हे. डबा खाल्ला काय, न खाल्ला काय, पैसे तेच. आणि तुम्ही महिन्यातून पाचच दिवस जेवलात तर प्रत्येक जेवण तुम्हाला सोन्याच्या भावात पडतं. मंडळाचं नेमकं हेच झालं. महाग म्हणून वीज कमी घेतली, कमी घेतली म्हणून युनिट आणखी महाग झालं. २००० च्या शेवटच्या महिन्यांत तो दर सात रुपयांच्या वर गेल्याचे आकडे सगळ्या पेपरांत होते. कुठे दोन आणि कुठे सात.

मे २००१ च्या अखेरीस मंडळाने वीज घेणं थांबवलं. दुसऱ्या टप्प्याचं काम बहुतेक पूर्ण झालेलं असताना सगळं ठप्प झालं. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली ती याच वर्षी, आणि तो अहवाल पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना मी पहिल्यांदा वाचला. सगळाच समजला असं नाही. पण वीस वर्षांचा करार कुठून वाचायला घ्यायचा, ते तिथे कळलं. दर शेवटी बघायचा. आधी 'असे झाल्यास' कुठे कुठे लिहिलंय ते बघायचं.

गोष्ट इथे संपत नाही, हेच तर आहे. २००१ मध्ये जी वीज कुणाला नको होती, ती चार-पाच वर्षांत सगळ्यांना हवी झाली. २००५-०६ चं भारनियमन आठवतंय ना? ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची. बंद पडलेला प्रकल्प सरकारी कंपन्यांना पुढे करून पुन्हा उभा केला गेला, रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने. या वेळी भरवसा कशावर? कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूवर. तिथून दिवसाला ८ कोटी घनमीटर वायू निघेल असा अंदाज होता. २००९ मध्ये वायू सुरू झाला, एक-दोन वर्षं बरी गेली, नंतर उत्पादन घसरत गेलं, आणि २०१३ मध्ये प्रकल्प वायूअभावी पुन्हा बंद. २०१५ च्या अखेरीला तो रेल्वेला वीज देण्यासाठी थोड्या क्षमतेवर चालू केला. एकाच सड्यावर, एकाच प्रकल्पात, आधी भावाचा अंदाज चुकला, मग मागणीचा, मग इंधनाच्या साठ्याचा. अंजनवेलच्या लाइटहाउसवर जाणारे पर्यटक समुद्राचे फोटो काढतात. मला विचाराल तर पाठ फिरवून त्या चिमण्यांचाही एक काढावा.

आता कुणी म्हणेल, ते जुनं झालं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, आता सगळं मॉडेलवर चालतं. ठीक आहे, आपण अलीकडचं बघू.

जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरवर पोहोचलं. त्याआधी दोनच महिने जगातल्या एका मोठ्या गुंतवणूक बँकेने भाव १५० ते २०० डॉलर होऊ शकतो असं सांगितलं होतं. डिसेंबरात तो ४० च्या खाली होता. जून २०१४ मध्ये ११५, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्याही खाली. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतल्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली जाऊन उणे ३७ डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, कारण साठवायला टाक्या नव्हत्या. कुठल्या मॉडेलमध्ये हे बसतं?

हे असं का होतं, ते आपल्याकडच्या माणसाला समजवायला अर्थशास्त्र लागत नाही. कांदा पुरे. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात, सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव मातीमोल होतो. मग लोक कांदा सोडतात आणि पुन्हा भाव चढतो. तेलाचंही तेच. फरक एवढाच की कांदा चार-पाच महिन्यांत येतो आणि तेलाचं नवं क्षेत्र शोधून, खणून, चालू करायला सात-आठ-दहा वर्षं जातात. लोक गाडी एकदम बंद करू शकत नाहीत, आणि विहीर एकदम उघडता येत नाही. त्यामुळे शंभर पिंपांत दोन-चार पिंपांची कमी-जास्त झाली की भाव उड्या मारतो. शिवाय २००८ च्या महाग तेलामुळेच अमेरिकेत खडकातून तेल काढणं परवडू लागलं आणि त्याच तेलाने २०१४ चा भाव पाडला. महागाईच्या अंदाजावर विश्वास ठेवून लोकांनी जे केलं, त्यानेच तो अंदाज खोटा पाडला.

बरं, समजा एखाद्याला २०१४ मध्येच स्वप्नात दृष्टांत झाला असता की तेल ३० वर येणार. त्याने लगेच हिशेब केला असता, पेट्रोलही निम्म्यावर येणार. आणि तो सपशेल आपटला असता. कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, पेट्रोलवर लिटरमागे पावणेबारा रुपये आणि डिझेलवर साडेतेराच्या आसपास. मे २०२० मध्ये, तेल मातीमोल असताना, पुन्हा एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये. दुबईत किंवा न्यूयॉर्कमध्ये तेलाचं काय झालं हे बरोबर ओळखूनही बहादूरशेख नाक्यावरचा भाव ओळखता येत नाही. मधे डॉलर आहे, दिल्ली आहे, मुंबई आहे, आणि डेपोपासूनचं अंतर आहे. परभणीकरांना विचारा, राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल आपल्याकडेच का, हे ते तोंडपाठ सांगतील.

एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात करार एकच आहे आणि तो वेडेपणा आणि शहाणपणा दोन्ही ठरला. कतारकडून द्रवरूप वायू घ्यायचा आपल्या देशाचा २५ वर्षांचा करार आहे, वर्षाला ७५ लाख टन, २००४ पासून वायू येतोय. भाव तेलाच्या जुन्या सरासरीशी बांधलेला. २०१५ मध्ये तेल पडलं, पण सरासरीत जुना महाग काळ असल्यामुळे आपण १२-१३ डॉलर मोजत होतो आणि खुल्या बाजारात तोच वायू ६-७ ला मिळत होता. घेणाऱ्यांनी माल उचलणं कमी केलं, दंडाची वेळ आली. डिसेंबर २०१५ मध्ये कतारने भाव जवळपास निम्म्यावर आणला आणि सुमारे १२ हजार कोटींचा दंड माफ केला. तेव्हा सगळे म्हणाले, असले लांबचे करार करतंच कोण? पुढे २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, खुल्या बाजारात वायू ५० डॉलरच्या वर गेला, आणि तोच करार देशाला वरदान वाटू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे खाली गोव्यात, ऊर्जा परिषदेत, त्याची मुदत २०२८ पासून आणखी वीस वर्षांनी वाढवली.

यात भाव कुणी ओळखला? कुणीच नाही. पण भाव फार हलला तेव्हा दोन्ही बाजू टेबलावर बसल्या आणि करार मोडला नाही. कतारला गिऱ्हाईक टिकवायचं होतं, आपल्याला पुरवठा. दाभोळला असं टेबलच उरलं नव्हतं.

आता थोडं आपल्या पातळीवर येऊ. माझा एक मित्र रिक्षा चालवतो. २०२१ मध्ये त्याने पेट्रोलची जुनी रिक्षा काढून कर्जावर सीएनजीची घेतली. तेव्हा सगळीकडे हवा होती की सीएनजी पेट्रोलच्या निम्म्यात, ते काय कधी महागणार? मुंबईत त्या वर्षाच्या सुरुवातीला किलोचा भाव ५० च्या आत होता. एप्रिल २०२२ ला राज्याने त्यावरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, मुंबईत ६६ चा भाव ६० झाला, लोकांनी पेढे वाटले, आणि दोन आठवड्यांच्या आत तो ७२ झाला. नोव्हेंबरात ८९ रुपये ५० पैसे. मग मार्च २०२४ मध्ये पुन्हा ७३ रुपये ५० पैसे. आपल्याकडचे आकडे वेगळे असतात, पण चाल साधारण अशीच.

अनेकांचे हप्ते थकले. याचा एकही थकला नाही. मी विचारलं, तुला आधी अंदाज होता का? तो हसला. म्हणाला, "भाऊ, भाव किती होईल ते मला काय ठाव? मी घेतानाच येवढंच बघितलं, भाव दुप्पट झाला तर हप्ता सुटंल का नाय. सुटत होता, घेतली. नसता सुटला तर नसती घेतली." कर्जाची रक्कम त्याने मुद्दाम कमी ठेवली होती, बायकोच्या बचत गटातून थोडे आणि जुनी रिक्षा विकून थोडे घातले होते.

हा माणूस दहावी नापास आहे. तो पुढचा भाव ओळखायच्या भानगडीत पडलाच नाही. चुकलो तर काय होईल, एवढंच त्याने मोजलं.

आता संस्थेच्या प्रस्तावाकडे. आधी त्या ८ टक्क्यांचं बघू. ८ टक्के हा आकडा साधा वाटतो, पण चक्रवाढीने तो नऊ वर्षांत दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट होतो. तुमच्या घरचं बिल आज महिन्याला २,००० रुपये असेल, तर या हिशेबाने पंचविसाव्या वर्षी तेवढ्याच युनिटांचं बिल महिन्याला साडेबारा हजारांच्या वर जाईल. २५ वर्षांचं एकूण बिल होतं साडेसतरा लाख. तेच वाढीचा दर ३ टक्के धरला तर पावणेनऊ लाख. वाढच धरली नाही तर ६ लाख. घर तेच, पंखे तेच, फ्रिज तोच. बदलला तो फक्त सहाव्या पानावरच्या बारीक ओळीतला एक आकडा. पुस्तिकेतली 'बचत' म्हणतात ती या आकड्याची सावली आहे.

दर वाढणार नाहीत असं माझं म्हणणं नाही. महावितरणचे दर आजवर वाढतच आले आहेत, आपण सगळ्यांनी ते भरलेत. पण २०२५ मध्ये काय झालं तेही बघा. राज्य वीज नियामक आयोगाने २८ मार्चला पुढच्या पाच वर्षांच्या दरांचा आदेश दिला, त्यात दर कमी होणार होते. महावितरणनेच हरकत घेतली, आदेशाला स्थगिती मिळाली आणि जूनमध्ये सुधारित आदेश आला. ज्यांचं कामच दर ठरवणं आहे, त्यांचा पाच वर्षांचा आकडा तीन महिन्यांत बदलला. आणि आपण एका पुस्तिकेच्या भरवशावर पंचविसाव्या वर्षाचं बोलतोय. शिवाय राज्यात जसजसं सोलर वाढतंय तसतशी दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग अशी रचना येऊ लागली आहे. शाळा चालते दिवसा. म्हणजे शाळेची आणि महावितरणच्या स्वस्त विजेची वेळ पुढे एकच असू शकते.

दुसरं म्हणजे ती दरवर्षीची ५ टक्के वाढ. दाभोळला निदान नाफ्था जाळायला लागत होता, तो महागला म्हणून वीज महागली. सूर्य कशासाठी महागणार आहे? सोलरचा जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो, पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा. नंतर धुणं-पुसणं, देखभाल आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर. त्याला ५ टक्के चक्रवाढ कशाची? तर महावितरणचा दर वाढेल या अंदाजाची. म्हणजे अंदाज कंपनीचा, आणि तो खरा ठरो वा खोटा, वाढ संस्थेने द्यायची. ५ रुपयांचं युनिट दहाव्या वर्षी ७.७६, पंधराव्या वर्षी ९.९० आणि पंचविसाव्या वर्षी १६.१३ रुपये. हे अंदाज नाहीत, हे करारात लिहिलेलं आहे. अंदाज आहे तो फक्त समोरच्या बाजूला.

सौर विजेच्या भावाचा इतिहास तर उलट्या दिशेचा आहे. २०१०-११ साठी केंद्रीय आयोगाने सौर विजेला १७ रुपये ९१ पैसे दर ठरवला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २ रुपये ४४ पैशांची बोली लागली, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैशांची. हे मोठ्या मोकळ्या माळावरच्या प्रकल्पांचे दर आहेत, शाळेच्या छपराला ते लागू होत नाहीत, मान्य. पण दहा वर्षांत एवढं पडेल असं कुणी म्हटलं होतं? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे जगन्मान्य अंदाजही वर्षानुवर्षं सौरऊर्जेच्या वाढीच्या मागेच धावत राहिले. जी वस्तू स्वस्त होत आली आहे, ती दरवर्षी महाग घ्यायचं आज लिहून द्यायचं?

तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याच्याबद्दल पुस्तिकेत अक्षर नाही. मसुद्यात आहे. संस्थेने वीज वापरली नाही तरी तयार होऊ शकणाऱ्या विजेच्या ८० टक्के पैसे द्यायचे. आता कोकणात ऊन कडक कधी असतं? एप्रिल-मे. शाळा बंद कधी असते? मे. पटसंख्या दरवर्षी घसरतेय हे संस्थेच्या सगळ्या सभासदांना माहीत आहे, दहा वर्षांनी दोन तुकड्या कमी झाल्या तर वीज कोण वापरणार? वापरली नाही ती वीज महावितरणकडे जाऊन बिलात वळती होईल असं सांगतात. आज होतेही. पण ते नियम २५ वर्षं हेच राहतील, हा पुन्हा एक अंदाजच, आणि नियम बदलला तर भुर्दंड कुणाचा, याचं उत्तर मसुद्यात एका वाक्यात आहे: खरेदीदाराचा.

खानावळीचा डबा आठवला ना?

मी सोलरच्या विरोधात नाही. आमच्या घरावर आहे, अनुदान घेऊन बसवलंय, पतपेढीचे थोडे हप्ते उरलेत. तो हप्ता महावितरणचा दर वाढो की उतरो, तेवढाच राहतो. संस्थेलाही हा मार्ग आहे. माजी विद्यार्थी आहेत, पतपेढ्या आहेत. छोटं, २०-२५ किलोवॉटचं आधी बसवावं, पाच-सात वर्षांत कर्ज फिटेल एवढंच. आणि कंपनीचाच प्रस्ताव घ्यायचा असेल तरी तो जसाच्या तसा घ्यावा असं कुठे लिहिलंय? वाढ शून्य करा म्हणावं, किंवा कंपनीचा दर महावितरणच्या दरापेक्षा अमुक टक्के कमीच राहील असं बांधून घ्या. त्यांना स्वतःच्या आलेखावर विश्वास असेल तर हे कलम घालायला त्यांना जड जाऊ नये. ८० टक्क्यांची अट काढा. दर पाच वर्षांनी दोघांनी बसून दर तपासायची सोय ठेवा. आणि दहाव्या वर्षी संस्थेला बाहेर पडायचं झालं तर यंत्रणा किती रुपयांना विकत घ्यायची, ती रक्कम वर्षागणिक तक्त्यात लिहून घ्या. सध्या तिथे 'परस्पर सहमतीने' असं लिहिलंय. पंचवीस वर्षांत आजच्या कार्यकारिणीतलं कोण त्या सहमतीला बसणार आहे?

संस्थेचे पदाधिकारी प्रामाणिक आहेत, माझ्या शिक्षकांपैकी दोघं त्यात आहेत. त्यांना पैसे वाचवायचेत, कारण वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही आणि वीजबिल थांबत नाही. म्हणूनच हे आज लिहितोय, सही झाल्यावर नाही. सरांना ही पोस्ट आधी पाठवली होती. ते म्हणाले, लिही, पण सभेलाही ये.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. मसुदा कार्यालयात सभासदांना बघायला ठेवला आहे, शनिवारी दुपारी एकपर्यंत. ४२ पानांचा आहे, सगळा वाचायला वेळ नसेल तर सहावं पान सोडा, एकतिसाव्या पानापासून सुरुवात करा.